एका अध्यासनाचा इतिहास : इस्लामी कायद्याचा अभ्यास आणि आपण

दलित चळवळीतल्या माणसाला इस्लामी कायद्याशी काय कर्तव्य, हा प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे. मी पेण तालुक्यातील डोलवीचा, धर्माने बौद्ध. विधी शाखेच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी मी व्यक्तिगत कायद्यांचा गट घेतला आणि त्यातही मुसलमानी कायदा विशेष अभ्यासासाठी निवडला. तेव्हा वर्गातले सवर्ण मित्र हसले, मुसलमान मित्र साशंक झाले, आणि आमच्या वस्तीतली वडीलधारी माणसे म्हणाली, 'बाबासाहेबांनी एक पोथी जाळली, ती काय तू दुसरी वाचावीस म्हणून?' या तिन्ही प्रतिक्रिया वरवर निरनिराळ्या दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. कायदा ही ज्याच्या त्याच्या धर्माची खाजगी मिळकत आहे, तिच्या कुंपणाआत इतरांनी पाऊल टाकू नये, ही ती समजूत होय. हे कुंपण धर्माने घातलेले नाही. ते कोणी घातले, कधी घातले आणि त्यात कोण कोंडले गेले, याचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास सांगायला मुंबईतील एक अध्यासन पुरेसे आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले. तेथील 'पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिस्प्रुडन्स' हे पद सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशाच्या नावाचे. या पदावर १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ते त्याच वेळी महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. त्यांच्या कारकिर्दीनंतर, १९३८ पासून १९४७ पर्यंत, प्राचार्यपद आणि हे अध्यासन असफ अली असगर फैझी यांच्याकडे होते. पेरी, आंबेडकर, फैझी ही तीन नावे एका खुर्चीशी जोडली गेली हा योगायोग असेल. पण या तिघांना एका ओळीत उभे केले, की आपल्या देशात 'धर्माचा कायदा' नावाची वस्तू कशी घडली आणि ती मोडता कशी येते, हे स्पष्ट दिसते.

प्रथम ती घडली कशी ते पाहू. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी जी न्यायव्यवस्था आखली, तिच्यात लग्न, वारसा, जात आणि धर्मसंस्था यांबाबत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू करावे असे ठरले. साहेबाला संस्कृत येत नव्हते आणि अरबीही येत नव्हते. म्हणून कोर्टात पंडित बसले आणि मौलवी बसले. पुढे त्यांच्यावरही विश्वास उरेना, तेव्हा ग्रंथांची भाषांतरे आली. बाराव्या शतकात मध्य आशियातील बुऱ्हानुद्दीन मर्घिनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी पंथाचा ग्रंथ आधी फारसीत आणला गेला, आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली तो इंग्रजीत छापला. अरबीवरून फारसी, फारसीवरून इंग्रजी! या भाषांतराच्या आधारे, अरबीचे एक अक्षर न जाणणारे न्यायाधीश मुसलमानांच्या घरादाराचे निवाडे करू लागले. मनुस्मृतीचेही असेच झाले. सर विल्यम जोन्सने १७९४ साली ती इंग्रजीत आणली आणि जिचे नावही गावगाड्यातल्या शूद्रातिशूद्रांनी कधी ऐकले नव्हते, ती कोर्टात आधार म्हणून उभी राहिली. ग्रंथ जुने होते हे खरे. परंतु त्यांना दिवाणी कोर्टाचे बळ मिळाले ते कंपनीच्या राज्यात, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

मुंबई इलाख्यात मात्र थोडे वेगळे घडले. एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने असे ठरवले की, सरकारी कायदा नसेल तेथे आधी त्या मुलखाची रूढी पाहावी आणि रूढी नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा पाहावा. म्हणजे बंगालमध्ये ग्रंथ पुढे आणि आपल्याकडे रूढी पुढे. ऐकायला हे लोकाभिमुख वाटते. पण रूढी म्हणजे कोणाची रूढी? ती सांगणार कोण? गावात ज्याचा शब्द चालतो तोच ना!

याचे उत्तर १८४७ साली पेरीसाहेबांच्याच कोर्टात मिळाले. खोजा आणि मेमन या मुंबईतील व्यापारी जमातींतील मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुराणाने सांगितलेला वाटा मागितला. कुराणात हा वाटा स्पष्ट आहे. एखादा माणूस बायको, एक मुलगा आणि एक मुलगी मागे ठेवून वारला, तर मिळकतीचे २४ भाग कल्पावेत. बायकोला ३, मुलाला १४ आणि मुलीला ७. मुलीचा वाटा भावाच्या निम्मा आहे आणि त्यावर टीका जरूर व्हावी. परंतु सातव्या शतकात, जेव्हा जगातील बहुतेक समाजांत मुलगी वारसच धरली जात नव्हती, तेव्हा हा आकडा लिहिला गेला हे विसरून ती टीका होऊ नये. खोजा आणि मेमन पुरुषांचे म्हणणे असे, की आमच्या जमातीत मुलीला वाटा देण्याची चाल नाही, पोटगी आणि लग्नाचा खर्च एवढेच तिचे. पेरीने पुरुषांचे म्हणणे मान्य केले. रूढी जिंकली आणि कुराण हरले. जी मुसलमान पुरुषमंडळी एरवी धर्मग्रंथावर बोट ठेवते, तिला पैशाची वेळ आली तेव्हा ग्रंथ नको झाला, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे.

मात्र या बाबतीत आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. वतनाच्या कायद्यात १८८६ साली दुरुस्ती झाली आणि वतनदार घराण्यातील मुलीबाळींना घराण्यातल्या सर्व पुरुषांच्या मागे ढकलले गेले. ज्या महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेब १९२८ पासून कौन्सिलमध्ये झगडत होते, त्या वतनाच्या तुकड्यावरही आमच्या आयाबहिणींचे नाव सहजी लागत नव्हते. गुलामाच्या घरातही वारस पुरुषच होता!

आता दुसरे नाव. आमच्याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा, १९८१ पासून रायगड) महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर सवर्णांनी आमच्या माणसांना मारले, तेव्हा अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, त्या परिषदेला जागा मिळाली तीही फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. हे सर्व कार्यकर्त्यांना पाठ आहे. परंतु त्या तळ्याचा दिवाणी दावा आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. सवर्ण वादींचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे ते म्हणत होते. तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, जनावरे पाणी पीत होती. रूढी आडवी येत होती ती फक्त आम्हाला. हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला, की वादी म्हणतात तशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. न्यायालयाने रूढीला अमानुष म्हटले नाही, एवढेच म्हटले की पुरावा नाही. पण तेवढ्याने तळे मोकळे झाले.

१८४७ आणि १९३७ हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. एका ठिकाणी रूढी मान्य झाली आणि मुली उपाशी राहिल्या. दुसऱ्या ठिकाणी रूढी नामंजूर झाली आणि तहानलेल्यांना पाणी मिळाले. फरक कशाने पडला? महाडच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून स्वतः बाबासाहेब उभे होते. रूढी 'कोण सांगतो आणि कशावरून' हे विचारण्याचे शिक्षण त्यांच्यापाशी होते. खोजा मुलींच्या बाजूला असे शिक्षण घेतलेली त्यांच्यातली एकही स्त्री नव्हती. विद्यापीठीय अभ्यासाचे मोल मला येथे दिसते. पदवीच्या कागदाला फारसे महत्त्व नाही. समोरचा माणूस 'हेच चालत आले आहे' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागण्याची हिंमत आणि रीत या अभ्यासातून मिळते.

त्याच १९३७ साली, ऑक्टोबरात, मध्यवर्ती कायदेमंडळाने शरियत कायदा केला. रूढी दूर सारून मुसलमानांना शरियत लागू व्हावी हा त्याचा हेतू. मुलींच्या वाट्याच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते. पण त्याच्या दुसऱ्या कलमात एक खुंटी मारून ठेवलेली होती : शेतजमीन वगळून! जेथे जमीनदारांचे वजन होते तेथे शरियतही बांधावर येऊन थांबली. हा कायदा देवाचा म्हणावा तर देवाने शेतजमीन वगळली नव्हती. ती माणसांनी, माणसांच्या सोयीसाठी वगळली.

तिसरे नाव फैझी यांचे. त्यांचा जन्म १८९९ साली माथेरानला झाला, म्हणजे तेही आमच्याच जिल्ह्याचे. मुंबई आणि केंब्रिज येथे शिकून ते बॅरिस्टर झाले. त्यांनी फातिमी काळातील काझी नुमान यांचा 'दआइम अल-इस्लाम' हा दहाव्या शतकातला अरबी ग्रंथ हस्तलिखितांवरून संपादित केला. त्याचा पहिला खंड १९५१ साली कैरोत निघाला. त्यांनी जमवलेली इस्माइली हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मिळाली आणि त्यांची सूची १९६५ साली छापली गेली. १९४९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे मुसलमानी कायद्याच्या रूपरेषेचे इंग्रजी पुस्तक आजही या विषयाच्या विद्यार्थ्याला हाताशी ठेवावे लागते. फैझी स्वतः सुलेमानी बोहरा, श्रद्धावान मुसलमान. परंतु भारतीय कोर्टांत जी चालते ती मूळ शरियत नसून इंग्रजी न्यायपद्धतीत मुरलेले एक मिश्रण आहे, आणि धर्मश्रद्धा व कायदा यांची फारकत झाली पाहिजे, हे त्यांनी निर्भयपणे मांडले. ते १९८१ साली वारले.

हा सगळा अभ्यास करताना मला आमच्या कोकणाचा शोध नव्याने लागला. मर्घिनानींचा 'हिदाया' हनफींचा. पण कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतांशी शाफई. समुद्रमार्गे आलेल्या अरबांशी त्यांचे जुने नाते. घाटावर हनफी, घाटाखाली शाफई. एकच शरियत म्हणणाऱ्यांच्या घरात असे दोन कायदे. शाफई मतानुसार कुमारिकेचा निकाह वलीच्या, म्हणजे बापाच्या वगैरे, संमतीशिवाय होत नाही. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. शाफई आईबापांच्या मुलीने वयात आल्यावर हनफी मत स्वीकारले आणि बापाच्या संमतीशिवाय लग्न केले. न्यायालयाने ते लग्न वैध ठरवले. एका मुलीने आपला पंथ बदलून आपला कायदा बदलला! १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे लाखोंनी केले त्याची एक छोटी, एकटी पूर्वखूण मला या निकालात दिसते.

तरीही या ग्रंथांपुढे आपण डोळे मिटून उभे राहावे असे नाही. हिदायेत 'कुफू'चे, म्हणजे लग्नातील बरोबरीचे, प्रकरण आहे. वंश, संपत्ती, धंदा यांत वर हा वधूच्या तोडीचा असावा असे ते सांगते, आणि हलक्या धंद्यांची उदाहरणे म्हणून रक्त काढणारा, विणकर आणि कातडे कमावणारा यांची नावे घेते. कातडे कमावणारा! हे वाचताना माझ्यासारख्या विद्यार्थ्याला आपला गाव दिसल्यावाचून कसे राहील? परंतु त्याच अभ्यासात हेही कळते, की इमाम मालिक यांनी वंश आणि धंदा मोजायला नकार दिला. धर्मनिष्ठा हीच बरोबरी, असे त्यांचे मत. म्हणजे इस्लामी कायद्याच्या पोटातच विषमतेचे मत आहे आणि समतेचेही आहे. कोणते मत चालवायचे हे त्या त्या काळच्या सत्तेने ठरवले. आपल्या मोमीन, पिंजारी, तांबोळी, मदारी, छप्परबंद बांधवांना कोणत्या मताने वागवले गेले, हे त्यांच्या लग्नसंबंधांवरून दिसतेच आहे. आणि राज्यसंस्थेनेही तेच केले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. शिखांना १९५६ साली आणि आपल्या बौद्धांना १९९० साली त्यात जागा मिळाली. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित बाहेरच ठेवले गेले. धर्म बदलला म्हणून हक्क गेल्याचे दुःख काय असते, हे १९५६ ते १९९० पर्यंत आपण सोसले आहे. मग त्यांच्या प्रश्नाबाबत आपण मुके का?

आता या अभ्यासाशी ज्यांचे जगणे बांधलेले आहे त्या स्त्रियांकडे येतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. त्याने २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि जोतीरावांचा शब्द आपल्या संस्थेच्या नावात घेतला. १९८५ साली इंदूरच्या शाहबानोला सर्वोच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी मान्य केली, तेवढ्यावरून देश हादरला आणि १९८६ साली नवा कायदा आला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. परंतु मला अधिक जवळचे वाटते ते औरंगाबाद खंडपीठाचे २००२ सालचे प्रकरण. पक्षकारांची नावे दगडू पठाण आणि रहिमबी. नवऱ्याचे नाव दगडू! ज्या मातीत हे नाव ठेवले जाते ती माती आपलीच. रहिमबीने पोटगी मागितली तेव्हा दगडूने लेखी जबाबात लिहून टाकले, की मी तिला आधीच तलाक दिला आहे. पूर्णपीठाने सांगितले, असे लिहून भागणार नाही. तलाकला कारण हवे, त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकडून समेटाचा यत्न झालेला हवा, आणि हे सर्व पुराव्याने सिद्ध करावे लागेल. मध्यस्थांची अट कुराणातलीच. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : पुरावा कुठे आहे? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, त्याच्या पंधरा वर्षे आधी मराठवाड्यातल्या एका गरीब बाईच्या प्रकरणाने ही वाट पाडली होती.

येथे एका धोक्याची जाणीव दिली पाहिजे. मुसलमान स्त्रीचा कळवळा आज पुष्कळांना आला आहे. समान नागरी कायदा हे बाबासाहेबांचे स्वप्न होते असे सांगणारी तोंडे, हिंदू कोड बिल अडवले गेले आणि त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले तो इतिहास सांगत नाहीत. स्त्रीचा हक्क हा एखाद्या जमातीला झोडपण्याचा सोटा झाला, की पहिला मार त्या स्त्रीलाच बसतो. कारण घाबरलेली जमात आपल्या बायकांवरचे दरवाजे आधी लावून घेते. आणि उलट बाजूने, जमात घाबरलेली आहे म्हणून स्त्रीने गप्प बसावे असे सांगणारे पुरोगामीही तिचे मित्र नव्हेत. महाडला आम्हाला कोणी म्हटले असते, की 'हिंदूंवर परकीय राज्य आहे, तोवर तळ्याचा प्रश्न काढू नका', तर बाबासाहेबांनी काय उत्तर दिले असते?

शेवटी आमच्या गावाकडे पाहू. धरमतरच्या खाडीकाठी डोलवीच्या परिसरात भातखाचरे होती. गेल्या शतकाच्या अखेरीस पोलादाचा कारखाना आला आणि जमिनीला भाव आला. जमिनीला भाव आला, की बहिणींची आठवण होते. तिला वाटा देण्यासाठी नव्हे, सहीसाठी! सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव चढते आणि काही दिवसांत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो. माहेर तुटेल या भीतीने ती देते. वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्याने ठरो, जो १९५६ पासून आपल्या बौद्धांनाही लागू आहे, की शरियतीने ठरो. आगरी, मराठा, बौद्ध, मुसलमान अशी घरे बदलली तरी हक्कसोडपत्राची भाषा बदलत नाही, 'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय'. पेरीच्या कोर्टातली रूढी १७० वर्षांनंतर अशी तहसील कचेरीत जिवंत आहे. फरक इतकाच, की आता तिला पुरावाही लागत नाही. बाईचाच अंगठा तिचा पुरावा.

म्हणून माझे तरुण विद्यार्थी मित्रांना सांगणे आहे, की कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला जाल तेव्हा केवळ घटना आणि फौजदारी यांवर थांबू नका. शरियत वाचा, हिंदू कायदा वाचा, दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून वाचा. मुसलमान मुली या वर्गात आल्या पाहिजेत यासाठी झटा. कारण आपण कितीही वाचले तरी त्यांचे म्हणणे त्यांनीच मांडायचे आहे. आणि ज्यांना विद्यापीठ परवडत नाही त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासमंडळ काढावे. पेणला काढावे, रोह्याला काढावे, महाडला तर अवश्य काढावे. त्या मंडळात गावचा फेरफार उतारा समोर ठेवून, धर्माचा विचार न करता, प्रत्येक खात्यापुढे एकच प्रश्न विचारावा : या घरातल्या मुलींची नावे कधी लागली, कधी कमी झाली, आणि ती कमी करताना त्यांना काय मिळाले?